दस्त्यावरचा झेंडा

१

रोज सकाळी चहा झाला की मी ती काच पुसत असे.

काकाच्या खोलीत, त्याच्या खाटेसमोरच्या भिंतीवर, सागवानी चौकटीची एक उथळ पेटी टांगलेली होती. तिच्यात पाच बंदुका, एकीखाली एक, आडव्या. वीत वीत लांबीच्या. आमची आरा मिल, म्हणजे लाकूड कापायची गिरणी, लकडगंजात, आणि घर मिलच्याच आवारात. त्यामुळे भुसा सगळ्यांवर बसायचा, पोह्यांवर, उशीवर, देवांवर. सकाळी पुसलेल्या काचेवर दुपारी बोटाने नाव लिहावं. आतून मात्र काच पुसावी लागत नसे. पेटीला मी रबराची पट्टी बसवून घेतली होती, कुलूप लावलं होतं आणि किल्ली माझ्या खिशात असायची.

१९७३ साल होतं. नागपूरच्या झेंडा सत्याग्रहाला पन्नास वर्षं झाली होती. तेवीस साली स्वराज्याचा झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे जायला इंग्रजांनी मनाई केली, तेव्हा गावोगावची पोरं इथे आली, झेंडा हातात घेऊन चालली आणि तुरुंगात गेली. त्यांत माझा काका चंपतराव होता. अठरा वर्षांचा. एका शिपायाने बंदुकीच्या दस्त्याने त्याचा डावा कोपर फोडला. काकाने झेंडा उजव्या हातात घेतला आणि चालत राहिला. कोपर पुन्हा सरळ झाला नाही. आमचे वडील गेल्यावर दादाला आणि मला त्याने वाढवलं ते अक्षरशः एका हाताने.

ही गोष्ट गावात कोणाला माहीत नव्हती याची मला चीड येत असे. मी इतिहास घेऊन एम. ए. झालो होतो. आमच्या वस्तीतल्या सुवर्णमहोत्सव समितीत शाली, नारळ आणि भाषणं यापलीकडे कुणाचं डोकं चालत नव्हतं. बांगलादेशच्या लढाईला दोन वर्षंही झाली नव्हती, दुकानादुकानांत पत्र्याचे रणगाडे विकले जात होते. मी म्हटलं, लोकांच्या दिवाणखान्यात ठेवण्यासारखं काहीतरी करू. छोट्या बंदुकांचा संच. प्रत्येकीच्या दस्त्यावर आपला एकेक जुना झेंडा: सहा सालचा कमळांचा, सातचा, होमरूलच्या वेळचा सात ताऱ्यांचा, मग पांढरा-हिरवा-तांबडा चरख्याचा, जो काकाच्या हातात होता, आणि शेवटी एकतीसचा तिरंगा. समितीने मान डोलावली. पहिला संच समारंभात काकाला द्यायचा आणि मग मागणी येईल तसे आणखी करायचे, असं ठरलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं मिरवतात ते तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करणारा धोंडबा आमच्याकडूनच लाकूड नेत असे. मी त्याला गाठलं.

"मी बैल करतो भाऊ," तो म्हणाला. "बंदूक कवा केली नाही. शेपटी असते काय तिले?"

मी त्याला नमुना म्हणून एक जुना फोटो आणून दिला. तेवीस सालचा, सिव्हिल लाइन्सच्या नाक्यावर झेंडा अडवायला उभी असलेली शिपायांची रांग, प्रत्येकाच्या खांद्याला बंदूक. बंदूक म्हणजे बंदूक, त्यात काय पाहायचं. धोंडबाने फोटोबरहुकूम काम केलं. सागाचे दस्ते, दस्त्याच्या टोकाला एका अंगाने सरळ, दुसऱ्या अंगाने गोल अशी पितळी पट्टी, पितळी नळ्या, त्याही अर्ध्याच पोखरलेल्या. गोळी सोडाच, मुंगीसुद्धा आरपार जाणार नाही. झेंडे मी स्वतः रंगवले.

समारंभापर्यंत पेटी काकाच्याच खोलीत ठेवायचं ठरवून मी ती टांगली, त्या दिवशी तो तिच्यापुढे बराच वेळ उभा राहिला.

"कोनाच्या व्हय ह्या?"

"आपल्या."

"आपल्यापाशी कवा होत्या गा?"

"नव्हत्या, म्हणूनच केल्या. असत्या तर तुझा कोपर शाबूत राहिला असता."

"मंग झेंडा कोन्त्या हातानं धरला असता, लहानू?" असं म्हणून तो हसला आणि खाटेवर जाऊन बसला. माझं घरचं नाव लहानू. एम. ए. झाल्यावरही.

२

खंडेनवमीला दादाने मिल बंद ठेवली. आरीची पाती धुऊन, तेल लावून अंगणात पाटावर मांडली. शेजारी कानशी, हातोडे, वहिनीची विळी. मी पेटी उघडून पाचही बंदुका आणल्या आणि पात्यांच्या पुढे ओळीने ठेवल्या.

प्रेमिलावहिनीने हळदकुंकवाची वाटी हातात धरून विचारलं, "भाऊजी, याइलेबी लावू काय? खेळण्याच्याच तर हाएत."

"लावा. नळीच्या तोंडाशी लावा फक्त. दस्त्यावर झेंडा आहे, तिथे नको."

तिने प्रत्येक नळीच्या तोंडाशी एकेक बोट टेकवलं. दादाने नारळ फोडला, झेंडूची फुलं वाहिली. काका ओट्यावर बसून हे पाहत होता.

"तान्ह्या पोळ्याले आपन लाकडाच्या बैलाले काय चारतो, प्रेमिला?"

"पुरनपोळी. विसरले काय काका?"

"लाकडाचा असला तरी चारतोच. लहान केला म्हनून त्याचा मान कमी नाही होत." त्याने बंदुकांकडे हनुवटी केली. "याइले काय चारसान गा?"

वहिनी हसली. दादाही हसला आणि म्हणाला, "नारळ फुटला ना, झालं." मी हसलो नाही, मला त्या थट्टेत तीच जुनी नरमाई ऐकू येत होती, जिचा मला संताप यायचा.

आरी बंद असली की आमच्या घरात घड्याळाचा आवाजसुद्धा मोठा वाटतो. त्या दुपारी मी बंदुका परत पेटीत लावत होतो, तेव्हा काका डाव्या कोपरावर हात फिरवत होता. थंडीत तो असं करायचा. पण तो ऑक्टोबर होता आणि भिंती तापलेल्या होत्या.

३

दसरा झाला. दीक्षाभूमीला आलेली पांढऱ्या कपड्यांतली माणसं आपापल्या गावी परतली, मिल पुन्हा सुरू झाली. एका सकाळी काच पुसताना मला चरख्याच्या बंदुकीवर कुंकू दिसलं. नळीवरचं नव्हे, ते मी नवमीलाच पुसलं होतं. हे दस्त्याच्या टोकाच्या पितळी पट्टीवर होतं.

वहिनीचा हात लागला असेल, म्हणून मी कुलूप काढलं आणि फडक्याने पुसलं. ते फडक्यावर ओलं उतरलं.

दुसऱ्या दिवशी ते तिथे होतंच, आणि खालच्या बंदुकीच्या पट्टीवरही होतं. मी विचार केला. उन्हाने रंग वितळला असेल. झेंड्यातली तांबडी पट्टी मी घाईत रंगवली होती. पण तांबडी पट्टी शाबूत होती, तिच्यावर नख मारलं तरी ओरखडा उठत नव्हता. मग तेल असेल. पितळ घाम धरतं. बंद पेटीत दमट हवा राहिली की असं होत असणार. मी शास्त्राचा विद्यार्थी नव्हतो, आणि ज्या गोष्टीचं कारण पटकन सापडत नाही तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची मला सवय होती.

त्याच सुमाराला काका पूर्ण बाह्यांचे सदरे घालू लागला. त्या उकाड्यात. जेवताना वहिनीने त्याची बाही भातात बुडू नये म्हणून वर सारली आणि तिचा हात तिथेच थांबला.

कोपराच्या आजूबाजूला काळेनिळे डाग होते. चिंचोक्याएवढे. एका अंगाने सरळ, दुसऱ्या अंगाने गोल. जुने पिवळे पडलेले, त्यांच्यावर नवे. काहींची कातडी फुटली होती.

"हे काय व्हय, काका?"

"मच्छर."

"मच्छर असा चावतो?" मी म्हटलं.

"मंग उंदीर असन. तुले काय पाहिजे ते लिहून घे, तू शिकेल हाएस."

डॉक्टरांनी पाहिलं. म्हाताऱ्या माणसाचं रक्त पातळ होतं, जरा धक्का लागला की डाग पडतात, असं ते म्हणाले आणि मलम दिलं. त्या डागांचा आकार मी कुठेतरी पाहिला होता. कुठे, ते मला आठवेना. रोज डोळ्यांपुढे असलेली वस्तू अशी ऐन वेळी आठवत नाही.

४

मला वाटलं, काकाला कुणीतरी मारतंय.

एकदा हे मनात आलं की बाकी सगळं त्याच्याभोवती बसत गेलं. काका सांगत नव्हता. म्हणजे घरातलंच माणूस असणार. वहिनी नव्हे. मी दिवसभर समितीच्या कामासाठी बाहेर असायचो. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मिल थांबते, गडी बाहेर जातात आणि घरात उरतो दादा. दादाचा हात मजुरांवर उठलेला मी पाहिला होता. आमच्या घरात मार खाऊन गप्प बसण्याचा एक वारसाच आहे, असं मला वाटलं, आणि मी तो मोडायचं ठरवलं.

त्या दिवशी मी बाहेर गेलो नाही. मिलच्या मागच्या बाजूला, काकाच्या खोलीच्या भिंतीला लागून फळ्यांची थप्पी असते, तिच्याआड उभा राहिलो. आरी थांबली. पट्टा सुटल्यावर चाक थोडा वेळ फिरत राहतं, तेही थांबलं.

मग भिंतीपलीकडून आवाज आला. खलबत्त्यात वेलदोडे कुटल्यासारखा. ठक. ठक. मग दोन तीन एकदम. मध्येच थांबून, दम खाऊन, पुन्हा. काकाचा आवाज नव्हता. फक्त त्याने नाकाने ओढलेला श्वास ऐकू येत होता, आणि तो श्वास प्रत्येक ठोक्याच्या आधी अडत होता. काय येणार आहे ते ठाऊक असलेल्या माणसासारखा.

मी धावत पुढच्या बाजूला आलो. काकाच्या दाराजवळच्या बोळातून दादा गमछ्याला हात पुसत बाहेर येत होता.

हातात काय आलं ते मी पाहिलं नाही. सागाचं फळकूट होतं. ते मी त्याच्या तोंडावर मारलं. ओठ दातापर्यंत फाटला. तो भुशात गुडघ्यांवर पडला, मी पुन्हा मारलं, खांद्यावर, आणि तिसऱ्यांदा हात वर नेला तेव्हा वहिनी मध्ये येऊन माझ्या दंडाला लोंबकळली.

"तुह्या अंगात काय आलं गा?" दादा म्हणाला. रक्ताबरोबर एक दात त्याच्या हातात पडला. तो त्याच्याकडे नवल वाटल्यासारखा पाहत राहिला.

"म्हाताऱ्या माणसावर हात टाकतोस? ज्याने तुला वाढवलं त्याच्यावर?"

"कोन टाकते? म्या हात धुतले, जेवाले चाललो."

मी त्याला खोटारडा म्हणणार होतो. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात खोलीतून आवाज आला. ठक.

दादा माझ्यासमोर भुशात बसलेला होता. वहिनीने माझा दंड धरलेला होता. ठक. ठक. आम्ही तिघांनीही ऐकला.

दादाने ओठावर गमछा दाबला आणि हळूच विचारलं, "अंदर कोन हाय?"

५

दार नुसतं लोटलेलं होतं.

काका खाटेच्या कडेला ताठ बसला होता. सदऱ्याची डावी बाही खांद्यापर्यंत वर गेलेली. उजवा हात त्याने पुढे धरला होता, मूठ घट्ट, छातीच्या उंचीवर, जणू काही उभं धरलं आहे. नजर समोर. आमच्याकडे त्याने पाहिलं नाही.

त्याच्या कोपराजवळची कातडी खाली दबली. अंगठ्याएवढी जागा. दबली, पांढरी पडली, वर आली आणि निळी झाली. आवाज त्याच क्षणी झाला. मग शेजारची जागा. मग तीच पुन्हा. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. कातडी आणि हवा यांच्यामध्ये काहीही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो; भर दुपार होती आणि खिडकी उघडी होती.

मी पेटीकडे पाहिलं. बंदुका जागच्या जागी होत्या. कुलूप होतं. पण काचेवर आतून वाफ धरली होती. सगळ्या काचेवर नव्हे. प्रत्येक दस्त्याच्या जरा वर, पैशाएवढी एकेक जागा. ती वाफ मोठी होत होती, लहान होत होती. कुणीतरी जोराने काम करून धापा टाकावं तशी.

मी एक पाऊल आत टाकलं. पाचही जागा एकदम विरल्या. जसा आपण कुणाची चाहूल लागल्यावर श्वास रोखून धरतो.

काही क्षण काहीच झालं नाही. मग वाळकी फांदी पायाखाली मोडावी तसा आवाज झाला आणि काकाचा डावा हात कोपरातून नको त्या बाजूला वळला. तो ओरडला नाही. उजवी मूठ सुटली नाही.

मी त्याच्यापुढे गुडघे टेकले. "काका, उलटून मार ना. फेकून दे ती पेटी. एवढे दिवस बसून राहिलास?"

"हात नाही उचलाचा," तो म्हणाला. ओठ पांढरे पडले होते. "ठरलं व्हतं आमचं."

"कुणाशी ठरलं होतं? पन्नास वर्षं झाली त्याला."

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं आणि पेटीच्या दिशेने मान हलवली.

"त्याइले कोनी सांगतलं?"

६

मी पेटी भिंतीवरून उपटली. खिळे निघाले, चुना पडला. मिलमध्ये नेऊन काच फोडली. माझ्या मागोमाग दादा आला आणि मी न सांगता त्याने खटका दाबला. मोटर घुमली, पट्टा ताणला, गोल आरी फिरू लागली. दादाच्या हनुवटीवरून रक्त ठिबकत होतं आणि भुशात गोळ्या होत होत्या. आम्ही दोघं त्या क्षणी एकमेकांचे भाऊ होतो.

पहिली मी चरख्याची उचलली. पितळ तापलेलं होतं, दुपारभर उन्हात पडल्यासारखं. दस्ता पात्याकडे करून मी ती मेजावर धरली.

"लहानू."

काका दारात उभा होता. मोडलेला हात लोंबत होता, वहिनी त्याला कमरेशी धरून होती. तो तिला ओढत पुढे आला.

"झेंडा हाय गा त्याच्यावर."

"बंदूक आहे ती!" मी ओरडलो. आरीच्या आवाजात ओरडावंच लागतं.

"बंदुकीवर झेंडा कोन लावला? म्या लावला काय?"

  मी घाईनेच बंदूक पुढे ढकलली. झेंड्याचा तांबडा काठ पात्यापासून बोटभर अंतरावर आला, आणि काकाचा उजवा हात मध्ये आला. तो घसरून आला नाही. त्याने तो ठेवला, पालथा, झेंड्यावर, जसा झोपलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात.

आरीचा आवाज क्षणभर जाड झाला. ओलं लाकूड आलं की होतो तसा.

माझ्या तोंडावर काहीतरी गरम उडालं. दादाने पट्टा पाडला. वहिनी खाली बसली. आणि ती बंदूक पात्याच्या झटक्याने वर उडाली, हवेत फिरली, पितळ, झेंडा, पितळ, झेंडा, आणि खाली येऊ लागली.

काका कोसळत होता. माझे दोन हात मोकळे होते. मी बंदूक पकडली.

७

दवाखान्यात त्याला संध्याकाळी शुद्ध आली. दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत होते, उजव्या पट्टीचा आकार फारच आखूड. दादा पलीकडे उभा होता, ओठाला टाके पडलेले. डॉक्टरांनी ते कसे लागले असं विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, मिलमध्ये फळी लागली.

काकाने मला डोळ्यांनी जवळ बोलावलं.

"झेंडा पडला काय?"

"नाही काका. पकडला मी."

मला वाटलं त्याला बरं वाटेल. त्याने माझ्याकडे पाहिलं ते लहानपणी मला ताप आला की पाहायचा तसं.

"मंग आता तुह्या हातात हाय," तो म्हणाला.  रात्र व्हायच्या आत तो गेला.

समारंभ झाला. काकाच्या फोटोला हार घातला. संचांची मागणी आली. धोंडबाला मी सांगितलं की फोटो हरवला. तो म्हणाला, "बरं झालं. मले बैलच बरे."

त्या पाच बंदुका मी मोडू शकलो नाही. मी प्रयत्न केला. झेंडे खरवडून काढावेत, मग लाकूड जाळावं, असं ठरवून मी पातं घेऊन बसलो. चरख्यावर पातं टेकवलं की मला पालथा हात दिसे. पाण्यात सोडाव्यात तर झेंडा बुडतो. पुराव्यात तर मातीत जातो. कुणाला द्याव्यात तर काय देतोय ते मला ठाऊक आहे. दादा एकदाच म्हणाला, "मी आरी लावत नाही, तूबी लावू नको." मग मी पेटीला नवी काच बसवली, रबराची पट्टी लावली आणि ती होती तिथेच टांगली. खाट आता माझी आहे. वहिनी त्या खोलीत येत नाही. चहा बाहेर ठेवते.

दोन तीन सकाळी मला कोपराजवळ ठणका लागला. खाटेच्या दांडीवर हात पडला असेल. झोपेत माणूस हात कुठेही टाकतो.

आज दुपारी आरी थांबली. पट्टा सुटल्यावर चाक थोडा वेळ फिरलं, मग तेही थांबलं. मी काच पुसायला उठलो होतो. फडकं फिरवलं, पुन्हा फिरवलं. ते पाच डाग निघत नाहीत. ते आतून आहेत, आणि लहानमोठे होत आहेत.

मी खाटेच्या कडेला येऊन बसलो आहे. दार उघडं आहे. अंगणात दादा हात धुतोय, हाक मारली तर येईल. फळकूटही हाताशी आहे. एका फटक्यात काच फुटेल, आणि काचेमागे झेंडे आहेत. माझा डावा कोपर गार पडत चालला आहे. उजवी मूठ केव्हा मिटली ते मला कळलं नाही. ती रिकामी नाही. तिच्यात काहीतरी आहे, बांबूसारखं, गाठीगाठींचं, वर जड. वाऱ्याने ते जरा हलतं. सोडलं तर पडेल.